पाच जणांनी पाहिलेलं कॉलेज

उज्वलाने साधा बेत केला होता. सकाळच्या एसटीने तिघांनी नाशिकला जायचं, हर्षालीची फार्मसीची जागा पक्की करायची आणि जेवायला पिंपळगावात परत यायचं. तिघं म्हणजे ती, नवरा किशोर आणि लेक हर्षाली. इथेच चुकलं. सासूबाई, कुसाबाई, देवापुढच्या वातीला तेल घालता घालता म्हणाल्या, "तिघांनी नाय जायचं बाई. तीन तिगाडा, काम बिगाडा."

मग चौथ्या त्या स्वतः निघाल्या. चांगल्या कामाला पाच जण असावेत म्हणून पाचवे थोरले दीर सोमनाथनाना आले. नाना आले म्हणजे त्यांची जीप आली, आणि काखेतली रेक्झिनची बॅगही आली. घरातले सगळे महत्त्वाचे कागद त्या बॅगेत. हर्षालीचे दाखलेही नानांनी तिच्या हातून काढून त्यातच ठेवले. "ओरिजनल कागद पोरीच्या हातात देता का कुठं?"

नाना उज्वलाचे थोरले दीर. त्यांच्याशी ती सरळ कधी बोलत नसे आणि तेही नसत. "किशोर, सांग तिला," असं ते म्हणत, आणि ती "अहो, सांगा नानांना," असं. मधे किशोर उभा, विजेच्या खांबासारखा. संसाराची बावीस वर्षं अशी पार पडली होती.

जागा पक्की करायची मुदत त्याच दिवशी पाचपर्यंत होती. नंतर ती जागा दुसऱ्या कोणाची. हे तिने जीपमध्ये चढताना सांगितलं. नाना आधी टोमॅटोच्या बाजारात डोकावले, तेव्हा सांगितलं. दुपारी ओझरला चहाला थांबले, तेव्हा पुन्हा सांगितलं.

"किशोर, सांग तिला, पाचला लय वेळ हाय," नाना बशीत फुंकर घालत म्हणाले.

कॉलेजच्या फाटकातून नाना आत शिरले ते थेट स्थळ बघायला आल्यासारखे. इमारत पायापासून गच्चीपर्यंत न्याहाळली, भिंतीवर दोन टिचक्या मारल्या. "बांधकाम बरं हाय." कुसाबाईंनी मुलींच्या हॉस्टेलमध्ये पाण्याची चूळ भरून पाहिली आणि रेक्टरबाईंना विचारलं, "सैपाकाला बाई हाय का बुवा?"

"पुरुष आचारी आहेत, आजी."

"मंग भाकरी कोण थापतं?"

रेक्टरबाई सोशिक होत्या. हसल्या आणि आवराआवरीला लागल्या. भिंतीवर एक मोठा फोटो होता. नऊवारी नेसून गॉगल लावलेल्या मुली आणि शेजारी फेटे बांधलेली मुलं. कुसाबाई चष्मा सारखा करून जवळ गेल्या. "हे कुणाचं लगीन?"

"लग्न नाही आजी, डे असतो तो," हर्षाली म्हणाली.

"डे म्हंजी?"

"दिवस."

"आन् बाकीचे काय असतात मंग?"

उज्वलाने घड्याळ बघितलं आणि ऑफिसची वाट धरली.

तिथे वेगळंच. मुलींना फी माफ आहे, हे किशोरने द्राक्षं भरायच्या पॅकहाऊसमध्ये चार जणांकडून ऐकलं होतं. त्यामुळे तो निवांत होता. खिडकीतल्या बाईंनी सांगितलं, माफ आहे ती शिकवायची फी. हॉस्टेल, मेस, डिपॉझिट, प्रयोगशाळेचा कोट हे सगळं भरावंच लागेल. हा कोट काही किशोरने ऐकला नव्हता. तो मान खाजवत म्हणाला, "नानाला विचारून येतो."

"काही विचारू नका," उज्वला म्हणाली. "पहिल्या वर्षाचं माझ्याकडं आहे. तुम्ही फक्त शेजारी उभे राहा."

किती हंगाम ती पॅकहाऊसमध्ये कात्री घेऊन द्राक्षांच्या घडातले खराब मणी काढत उभी राहिली होती! मजुरी एका डब्यात जात होती. डबा कशासाठी, हे तिने कोणाला सांगितलं नव्हतं, कारण सांगितलं असतं तर त्यावर पाच जणांची बैठक बसली असती. ती स्वतः निफाडला बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला होती, तेव्हा तिचं लग्न ठरलं. पुढे शिकू देऊ, असं तेव्हा सगळेच म्हणाले होते. सासरी आल्यावर तो विषय पुन्हा कोणी काढला नाही. पहिली काही वर्षं तिनेच काढून पाहिला, मग तीही दमली.

"ओरिजनल द्या," खिडकीतल्या बाई म्हणाल्या.

ओरिजनल बॅगेत. बॅग नानांच्या काखेत. आणि नाना कुठेच नाहीत.

"मोठे पप्पा बाहेर टपरीवर बसलेत," हर्षाली पळत येऊन म्हणाली. "चौकशी करताहेत."

उज्वलाने डोळे मिटले. या घरातली ही पक्की रीत. स्थळवाले आपलं चांगलंच दाखवणार. खरं काय ते वाण्याला, पिठाच्या गिरणीवाल्याला नाहीतर टपरीवाल्याला ठाऊक. साडेचार होऊन गेले होते. ती तरातरा फाटकाबाहेर आली, मागून किशोर, हर्षाली, आणि गुडघे धरत कुसाबाई.

नाना बाकड्यावर, बॅग मांडीवर, तिसरा चहा हातात. "किशोर, सांग तिला," ते म्हणाले. "इथं पोरं-पोरी एका बाकड्यावर बसून चहा पिऊ राहिले. डोळ्यांनी पाहिलं मी. आपलं गावातलं कॉलेज काय वाईट हाय? आपली पोरगी नाय पाठवायची इथं."

हर्षालीचा चेहरा पडला. किशोरने तोंड उघडलं, पण उज्वला त्याला ओलांडून पुढे झाली.

"नाना, मला बघायला आला होतात, तेव्हा निफाडला कॉलेजसमोर चौकशी केली होती ना?"

नाना दचकले. कोणाकडे बघावं ते त्यांना कळेना. "केली व्हती. चहावाल्याकडं."

"काय म्हणाला तो?"

"मान खाली घालून जाते, मान खाली घालून येते. म्हणून तर केली तुला."

"मी रोज त्याच्याकडं चहा प्यायचे. वर्गातल्या पोरापोरींचा घोळका असायचा आमचा. बाकड्यावर जागा नसली तर उभ्यानं. गिऱ्हाइकाचं वाईट कोण सांगेल?"

टपरीवाला खाली बघून फडक्याने कप पुसत राहिला. त्याचे खांदे हलत होते.

"तरीच!" कुसाबाई म्हणाल्या. "तरीच हिला माझ्या हातचा चहा कधी आवडला नाय."

"म्हंजी फसवलं त्यानं मला," नाना म्हणाले.

"बावीस वर्षं झाली, नाना. वाईट निघाले का मी?"

नानांनी कप खाली ठेवला आणि ते बॅगेची चेन ओढू लागले. ती अडकली. त्यांनी दोनदा हिसका दिला आणि अख्खी बॅगच पुढे केली. "घे. मुदत टळंल."

खिडकी बंद व्हायच्या आधी जागा पक्की झाली. पावती हर्षालीने स्वतःजवळ ठेवली, बॅगेत टाकली नाही. उज्वला परत येऊन बाकड्यावर टेकली. पाय भरून आले होते. तिने मोठ्याने सांगितलं, "एक कडक. साखर कमी."

नाना टपरीवाल्याच्या कानाशी लागले होते. पण नानांची कुजबुज टोमॅटोच्या बाजारातही ऐकू जाते. "पुतणी हाय माझी. तिच्याकडून पैशे घेऊ नको, मी देत जाईन. उद्या कोणी स्थळवाला चौकशीला आला, तर काय सांगायचं, ठाऊक हाय ना?"

"मान खाली घालून जाते," टपरीवाला तत्परतेने म्हणाला.

"आन् येते."

उज्वलाने कपाळावर हात मारला. "अहो," ती किशोरला म्हणाली, "सांगा नानांना, आधी पोरीला पहिल्या तासाला तरी बसू द्या म्हणावं."