पाणी वाटणाऱ्याचा मुलगा

मालेगाव मागे पडलं तरी निंबाभाऊंनी एकही गाणं म्हटलं नव्हतं. अठ्ठ्याण्णवच्या चैत्रात आम्ही ऑफिसातले चौघं धुळ्याहून सप्तशृंगीच्या गडाला पायी निघालो होतो. एरवी हा माणूस देवीची गाणी म्हणत सगळ्यांच्या पुढे. आज हिलाल आणि जीवराम पुढे गेले, आणि भाऊ माझ्या चालीने चालत राहिले.

कारण मला ठाऊक होतं. गडावरून परतल्यावर थोड्याच दिवसांत ते पुण्याच्या नोकरीवर जाणार होते. धुळ्यात देवपूरच्या आमच्या ऑफिसात त्यांनी बसवलेल्या सर्व्हरचं मग काय, हा त्यांना घोर.

जिनिंगवाल्यांसाठी आम्ही कापसाच्या हिशेबाचे प्रोग्राम करायचो. हे तिघं लिहायचे, मी तपासायची. जो तो आपलं काम फ्लॉपीवरून मुख्य कॉम्प्युटरवर चढवायचा. मागून येणाऱ्याची फाइल आधीच्याची पुसून टाकायची. हिलालची दुरुस्ती जीवरामच्या फ्लॉपीने अशीच गेली, आणि ऐन हंगामात जळगावच्या गिऱ्हाइकाची वजनं चुकली. दोघांचं बोलणंच बंद झालं.

निंबाभाऊंनी अडगळीतला कॉम्प्युटर उचलला. इंग्रजी पुस्तक उघडून बसले, वायरी स्वतः ओढल्या. आता काम तिथूनच घ्यायचं, तिथेच परत ठेवायचं. कोणी काय बदललं, का बदललं, ते नावानिशी राहणार. दोघांनी एकच ओळ बदलली तर सर्व्हर तिथेच अडवणार. जुनं काहीच पुसलं जाणार नाही.

जीवराम फणकारला, "बापाने पांझरेच्या फडात पाण्यावर पहारा केला, पोरगा आता आमच्यावर करतोय!"

फड म्हणजे नदीच्या एका बंधाऱ्याच्या पाण्यावरची गावाची शेती. तिथे पाटाचं दार कोणी आपल्या हाताने उघडत नाही. पाटकरी बारीबारीने, ज्याच्या त्याच्या पाळीला, पाणी देतो. भाऊंचे वडील पाटकरी होते.

"पहारा नाही रे, बारी," भाऊ हसले. "बाबा संध्याकाळी एवढंच विचारायचे, बठ्ठासले पाणी पोचनं का? सगळ्यांना पोचलं ना, बस."

आणि पहिली नोंद त्यांनी स्वतःच्याच चुकीची केली : वजनातली तूट दोनदा वजा झाली होती, दुरुस्त केली, निंबा. मग कोणाला कशाची लाज? दसऱ्याला मी त्या खोक्याला हळदकुंकू वाहिलं, तेव्हा झेंडूची फुलं जीवरामनेच आणली होती.

देवळ्याच्या रस्त्याला भाऊंनी एकदाचा विषय काढला. "सर्व्हर हिलालच्या हाती दिला तर जीवराम रुसेल. जीवरामला दिला तर हिलाल."

"मग मालकांकडे द्या."

"त्यांना डिस्कवर जागा पाहिजे. जुनं पहिल्यांदा पुसतील." थोडं चालून म्हणाले, "अक्का, आमच्या गावात पाटकरी कोणाला करायचे? ज्याचं त्या फडात शेत नाही त्याला. बाबांचं वीतभर नव्हतं."

"भाऊ, मी मराठी शाळेतली. ते पुस्तक मला कुठलं कळायला!"

"मला तरी कुठं कळत होतं? शिकवतो ना. पण तुम्ही त्यात एक ओळ लिहीत नाही, तुमचं शेत नाही तिथे." ते थांबले. "पाटकरी तुम्ही व्हा, अक्का. आणि माझ्या चुकासुद्धा कोणाला पुसू देऊ नका."