चुन्याचं बोट

तंजावरच्या परिषदेत मी माझा पहिला निबंध वाचणार होतो, मराठा काळातल्या अन्नछत्रांवर. कुंभकोणमहून निघालेल्या गाडीत समोर एक म्हातारे गृहस्थ बसले होते. तिथलेच मराठी, बोलण्याला तमिळ हेल. निबंधाची माझी पुटपुट ऐकून त्यांनी पानाचा डबा उघडला. "वाचू नका. मला सांगा."

मी वंशावळ सांगितली, सनदा सांगितल्या. ते मान डोलवत होते, पण देठ खुडणं, चुना लावणं अखंड चालू.

"आवडलं ना?" मी जरा चिडूनच विचारलं.

"मान भिडस्त असते हो. ऐकणाऱ्याच्या हाताकडे पाहा."

पापनाशम मागे पडलं. मग मी सहज सांगितलं, की एकदा पंगत उठल्यावर एक ओली बाळंतीण छत्राच्या दारी आली, तेव्हा विझवलेली चूल तिच्यासाठी पुन्हा पेटवली.

त्यांचं चुन्याचं बोट पानावरच थांबलं. "इथून सुरू करा," ते म्हणाले, आणि तंजावरला नाव न सांगताच गर्दीत मिसळले.

दुसऱ्या दिवशी परिषदेत समोरच बसलेल्या अध्यक्षांनीही पानाचा डबा उघडला. मला हसू आलं. कागद मिटून मी चुलीपासून सुरुवात केली. बोलणं संपलं तेव्हा अध्यक्षांच्या बोटावरचा चुना वाळला होता.