मिस्त्रींची चार बोटं

चाक आणि मडगार्ड यांच्यामध्ये डाव्या हाताची बोटं आडवी घालायची, डोळे मिटायचे आणि जाहीर करायचं, "चार बोटं. आखीन दोन पायजेत." मालक वकील असो, डॉक्टर असो की कापसाचा अडत्या, आमचे मिस्त्री आधी गाडीशी एवढं बोलून घेत. माणसाचा नंबर त्यानंतर. कित्येक मालक हात पुढे करून तसेच उभे राहिलेले मी माझ्या डोळ्यांनी पाहिले आहेत.

अमरावतीत बडनेऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर त्यांचा कारखाना होता. कारखाना म्हणजे पत्र्याची चार टिनं, एक भट्टी आणि एक ऐरण. समोरच्या मोटारींच्या सुट्या भागांच्या दुकानात मी कामाला होतो. तेव्हाच्या गाड्या कमानींवर चालायच्या. धनुष्यासारखे बाक दिलेले लोखंडी पाटे एकावर एक रचले की झाली कमान. रस्त्याचे सगळे धक्के तिनं खायचे आणि आपल्याला फक्त त्यांची बातमी कळवायची. मिस्त्री या कमानींचं काम करत. पाटे आमच्या दुकानातून जात, म्हणून दिवसातून दहादा ते आमच्याकडे किंवा मी त्यांच्याकडे.

त्यांच्या कारखान्यात एका शब्दाला बंदी होती. "गाडी बसली" म्हणायचं नाही. कमानीचा बाक गेला, गाडी खाली आली की सगळं गाव "गाडी बसली" म्हणे. मिस्त्री लगेच टोकत. "म्हतारी बसते. गाडी थकते. काय झालं म्हना?" बिचारा ड्रायव्हर मग "थकली" म्हणे आणि मगच काम सुरू होई. "माह्या हातची गाडी बसत नाई," हे वाक्य तर ते चहा मागवावा इतक्या सहज म्हणत. फुशारकीच्या बाबतीत त्यांचा हात धरणारा माणूस मी वऱ्हाडात पाहिला नाही, आणि वऱ्हाडात या पिकाला काही कमी नाही.

काम झालं की दोन्ही तळहात मडगार्डवर ठेवून ते दोनदा जोरानं दाबत. गाडी खाली जाऊन वर येई. त्यात त्यांना कसलासा आवाज ऐकू यायचा. "बोलली," ते म्हणत, आणि गाडी सोडत. ही खोड सगळीकडे. लग्नात गेले तर मांडवातली खुर्ची दाबून बघत. माझ्या सायकलची सीट दाबून म्हणाले, "हे मुकी हाये, भाऊ. ईकून टाक." मी विकली नाही, पण त्या दिवसापासून ती मला खरोखरच मुकी वाटायला लागली.

त्यांच्याच हातच्या कमानींवर चालणारी धारणीची बस संध्याकाळी परत यायच्या वेळेला ते मोटार स्टँडवर जाऊन उभे राहत. टपावर माणसं, कोंबड्या, मोहाची पोती, आणि मेळघाटाचा तो रस्ता. लोक आपली माणसं उतरवून घ्यायला येत. हे फक्त चाकावरची फट बघत, आणि ती शाबूत दिसली की घरी जात.

आता त्या गाडीकडे येतो. ती पहिल्यांदा आली तेव्हा बैलजोडीनं ओढत आणली होती. चिखलदऱ्याला एक पेन्शनर साहेब राहत, त्यांची विलायती मोटार. दोन माणसांची, लांब नाकाची, जमिनीला पोट लावून चालणारी. घाटातल्या एका दगडानं तिचा चेंबर फोडला होता. चेंबर म्हणजे इंजिनाच्या तळाशी असलेलं तेलाचं भांडं. ते फुटलं की गाडीचा जीवच सांडतो. मिस्त्रींनी तिच्याभोवती दोन फेऱ्या मारल्या आणि म्हणाले, "हे शयरातली बाई हाये. हिले आदी उभं करा लागते."

त्यांनी चारी कमानींत एकेक जास्तीचा पाटा घातला, बाक वाढवला आणि गाडी उचलली. चार बोटं, म्हणजे त्यांची चार बोटं. त्यांची बोटं केवढी, हे सांगायला हवं. घण मारून मारून ती इतकी जाड झाली होती की कपाचा कान त्यांना कधी धरता आला नाही, ते कप मुठीत धरूनच चहा पीत. ती चार बोटं उचलल्यावर गाडी दिसायला बेढब झाली, खोटं कशाला बोलू. पण साहेब वर्षानुवर्षं घाट चढले-उतरले, तिच्या पोटाला पुन्हा दगड लागला नाही. मिस्त्री येणाऱ्या-जाणाऱ्याला ती गोष्ट सांगत. मला तर तोंडपाठ झाली होती.

पुढे साहेब वारले आणि ती गाडी अकोल्याच्या एका कापसाच्या जिनिंगवाल्यांच्या धाकट्या मुलानं घेतली. मुंबईला शिकून आलेला, हसरा, गोड मुलगा. अकोल्यात त्याला कोणीतरी सांगितलं असेल, कमानींचं काम आहे तर अमरावतीला जा. तो गाडी घेऊन थेट मिस्त्रींच्या दारात आला. मिस्त्रींनी गाडी ओळखली आणि लेक माहेरी आल्यासारखा त्यांचा चेहरा फुलला. सांगायला तोंड उघडणार, तेवढ्यात मुलगा एका विलायती मासिकातलं चित्र पुढे करून म्हणाला,

"मिस्त्री, हे गाडी अशी जमिनीले लागून चालाले पायजे. कोन्या गाढवानं हिची धमणी करून ठेवली?"

धमणी म्हणजे आमच्याकडची बैलांची हलकी गाडी. मुलगा स्वतःच्याच बोलण्यावर हसला. त्याच्या मनात काही वाईट नव्हतं.

मी नेमका तिथंच उभा होतो. मिस्त्रींनी माझ्याकडे पाहिलं. मी काही बोलू नये एवढंच त्या नजरेत होतं. तो माणूस मी तोवर गप्प बसलेला पाहिला नव्हता. मान खाली घालून ते म्हणाले, "काय मालूम, भाऊ. गावात लय मिस्त्री हायेत."

मुलानं आपली बोटं चाकावर आडवी धरून दाखवली. "येवढी खाली करा. चार बोटं." निमुळती, पेन धरणारी बोटं. त्याची पाच जोडली तेव्हा मिस्त्रींची चार होतील, अशी. मिस्त्रींनी ती नीट पाहिली. मग मान हलवली.

ते काम त्यांनी तोंडातून शब्द न काढता केलं. कमानी सोडल्या, जास्तीचे पाटे काढून कोपऱ्यात टाकले, बाक घणानं उतरवला. एरवी घणाच्या प्रत्येक ठोक्यामागे त्यांची एक गोष्ट असे. मुलगा गाडी न्यायला आला तेव्हा चित्रातल्यासारखीच ती जमिनीला लागून उभी होती. तो हरखून गेला, वाकून मिस्त्रींच्या पायाला हात लावायला गेला. मिस्त्री मागे सरकले.

गाडी निघाली तेव्हा त्यांनी मडगार्ड दाबला नाही. माझ्या ते लक्षात आलं. मी विचारलं, "बोलली काय?"

"बोलून तं राह्यली," ते म्हणाले. "आपल्याले आयकाचं नाई."

दुसऱ्या दिवशी अकोल्याहून आलेल्या बसच्या ड्रायव्हरनं बातमी आणली. मूर्तिजापूरच्या अलीकडे नाल्यावर रपटा आहे. पावसाळ्यात पाणी वरून जावं म्हणून बांधलेला बुटका पूल. त्याच्या दगडी काठावर गाडीचं पोट आपटलं, चेंबर फुटला, गाडी फिरून नाल्यात गेली. पोराचा पाय मांडीपासून मोडला होता.

मिस्त्री भट्टीपाशी उकिडवे बसले. मी म्हणालो, "चूक तुमची नोती. त्यानंच खाली कराले सांगतलं." त्यांनी आपला डावा हात माझ्यापुढे धरला.

"त्यानं त्याचे बोटं दाखोले, भाऊ. मी माहे लावले."

"नजरचूक झाली असन."

"नजरचूक कायची? मले मालूम होतं. त्याच्या मापानं केली असती तं रपट्यावरून निंगाली असती. पन गाढव म्हने ना मले. म्हनलं, गाढवानं देल्लं थे सारं गाढव वापस घेऊन राह्यला. ने तुही गाडी, घाटात फुटली तवा होती तशीच." ते थांबले. "पोटाखाली हात घालून पायला व्हता मी. जात नोता. तरी सोडली."

 

आठवड्याभरानं अकोल्याच्या दवाखान्यातून मुलाचा निरोप आला. मिस्त्रींनी मनाला लावून घेऊ नये, गाडी मीच जोरात हाणत होतो, काम फस्कलास झालं होतं. निरोप मीच सांगितला, आणि मूर्खासारखा आनंदानं सांगितला. मिस्त्रींना मी तेव्हा पहिल्यांदा रडताना पाहिलं. "शिव्या देल्ल्या असत्या तं बरं झालं असतं," एवढंच म्हणाले.

त्यानंतर त्यांनी बोटांनी माप घेणं सोडलं. आमच्या दुकानातून एक लोखंडी फूटपट्टी नेली आणि ती चाकावर धरून माप वाचू लागले. ड्रायव्हर लोक थट्टा करत. कोणी म्हणे मिस्त्री इंजिनीअर झाले, कोणी म्हणे चष्मा लागला. एरवी त्यांनी एकेकाला भट्टीत घातलं असतं, आता ऐकून घेत. सवयीनं डावा हात मडगार्डकडे जाई, मग मूठ मिटून ते तो मागे घेत. मूठ मिटतानाचा तो हात मला बघवत नसे. मी दुकानात जाऊन उगाच डबे पुसत बसे.

"माह्या हातची गाडी बसत नाई," हे वाक्य पुन्हा ऐकू आलं नाही. एकदा एका नवख्या ड्रायव्हरनं "मिस्त्री, गाडी बसली" म्हटलं. मी मुद्दाम कान देऊन उभा राहिलो. "हो," मिस्त्री म्हणाले, "बसली."

काही शुक्रवारी ते सकाळच्या बसनं कुठंसे जात आणि अंधार पडता परत येत. विचारलं तर म्हणत, "काम व्हतं." बाहेरगावी त्यांचं कोणी नातेवाईक नव्हतं, हे मला ठाऊक होतं. जास्त खोदून मी विचारलं नाही.

मग एका उन्हाळ्यात त्यांनी कारखाना बंद केला. ऐरण बैलगाडीवर चढवली आणि धारणीला निघाले, जंगलातल्या ठेकेदारांच्या जीपांचं काम करायला. मी म्हणालो, या वयात तिकडे कशाला. ते म्हणाले, "तिकडं कोनी गाडी खाली करा म्हनत नाई, भाऊ." फूटपट्टी त्यांनी मला परत देऊन टाकली. तिकडेच, दोन-तीन वर्षांनी, रमजानच्या रोज्यांत ते वारले. धारणीच्या बसच्या ड्रायव्हरनं सांगितलं, आणि त्या संध्याकाळी मी उगाचच मोटार स्टँडवर जाऊन उभा राहिलो.

पुढच्या हिवाळ्यात तीच गाडी आमच्या दुकानासमोर थांबली. आतून तो मुलगा उतरला. मुलगा कसला, आता दोन लेकरांचा बाप. काठी टेकत आला. एक पाय दुसऱ्याच्या मागून येत होता.

"समोरचे मिस्त्री कुठं गेले?" त्यानं विचारलं. मी सांगितलं. त्यानं बंद टिनांकडे पाहिलं. मग म्हणाला, "आमच्या जिनच्या फाटकावर एक म्हतारा ये. बरेचदा आला म्हने. चौकीदाराले इचारे, भाऊ चालते काय आता? चौकीदार म्हने, अंदर जाऊन भेटून घे. थो म्हने, नाई, चालते तं झालं. अन् वापस जाये. मले मागून समजलं. वर्नन आयकलं तं वाटलं, हेच असतीन."

शुक्रवारच्या बसचा उलगडा मला तेव्हा झाला.

"त्यायलेच भेटाले आलो व्हतो," तो म्हणाला. "आखीन एक काम होतं. चिखलदऱ्याच्या सायबाकडं होती तवा हे गाडी ज्यानं उच्चली, थो मानूस पायजे. पुरानी गाडी, घरी कोनाले आवडत नाई, पन माह्यानं टाकून देनं होत नाई. पुन्ना उच्चलून घेतो म्हनतो. त्या मानसाले समजत होतं."

"हेच थे," मी म्हणालो.

त्याला कळलं नाही. मी बंद टिनांकडे बोट दाखवलं. "त्यायनंच उच्चलली होती."

"मंग तवा बोलले काहून नाई?"

"तुमी गाढव म्हनलं होतं."

"मी?" त्याला आठवत नव्हतं. खरंच आठवत नव्हतं, हे त्याच्या तोंडावर दिसत होतं. मी तो प्रसंग सांगितला, मासिकातल्या चित्रासकट. तो काठीवर दोन्ही हात ठेवून खाली पाहत राहिला. त्याचे कान लाल झाले होते. एवढ्या मोठ्या माणसाची मला दया आली आणि थोडा रागही आला.

मग तो गाडीपाशी गेला. चाक आणि मडगार्डमध्ये त्यानं आपली बोटं आडवी घातली.

"किती उच्चला लागन?"

"चार बोटं."

त्यानं चार बोटं जुळवून माझ्याकडे पाहिलं.

"तुमची नाई," मी म्हणालो. "मिस्त्रींची."

तो आपल्या हाताकडे पाहत राहिला. त्याच्या पायाचं काय झालं होतं आणि का झालं होतं, ते त्याला त्या क्षणी कळलं असावं.  त्या चार बोटांशेजारी त्यानं हळूच आपला अंगठा आणून ठेवला.