पाय न टेकता

माझ्यावर सर्वांत जास्त उपकार आहेत ते माझ्या आत्याचे. आमच्या घरातून कॉलेजला कुणीच गेलेलं नव्हतं. बाबा मला उज्जैनच्या टावर चौकातल्या कापडाच्या दुकानात चिकटवायला निघाले, तेव्हा नानाखेड्याहून ऑटोने येऊन "आधी कॉलेज, मग दुकान," म्हणत दारातच बसली ती हीच. क्षिप्रेत पोहायला शिकवलं तेही तिनेच. माझ्या चड्डीचा नाडा धरून ती घाटावर उभी राहायची. "घबराऊ नको रे. दम लागला की पायरी शोध. पाय टेकला की माणूस वाचला."

हीच शिकवण गेल्या हिवाळ्यात अंदमानात नडली. बँकेतल्या मित्राबरोबर शिडाच्या होडीतून मी एका बेटाजवळ गेलो होतो. निघताना आत्याने एकच मागितलं होतं, "समुद्राच्या पोटात काय असतं ते बघून ये नि मला सांग." होडीवाल्याने शीड उतरवलं, आमच्या तोंडावर मास्क आणि श्वासाची नळी चढवली आणि बजावलं, "नीचे पत्थर नहीं, ज़िंदा मूँगा है. पाँव रखा तो सीधा नाव में वापस!"

उतरलो, पण मान वरच. आम्ही घाटावरचे, गढूळ पाण्यात तोंड कोण घालतो?

मित्र ओरडला, "अरे, म्हशीसारखा काय पोहतोस? खाली बघ!"

खाली बघितलं तर मास्कमध्ये पाणी. नाकातोंडात खारट. पाय आपोआप पायरी शोधू लागले, आणि ती जिवंत पोवळी तर हातभर खाली.

"ओ उज्जैनवाले भैया, पाँव ऊपर!"

तेव्हा आत्याचा दुसरा धडा आठवला: पायरी नाहीच सापडली, तर उताणं पडून राहा. पाय वर ओढले, उताणा झालो आणि मुडद्यासारखा पडून राहिलो. दम परत आला. मास्क रिकामा करून पालथा झालो. मग तासभर बाहेर आलोच नाही. शेवटी मित्रानेच नाडा धरून ओढलं.

आत्याला फोनवर नीट ऐकू येत नाही. पत्र मात्र ती बोट ठेवून वाचते. त्याच संध्याकाळी लिहिलं:

"तीर्थरूप आत्यास साष्टांग नमस्कार.
समुद्राच्या पोटात बगिचा आहे. फुलकोबीच्या गड्ड्यांसारखी पोवळी, हळदीच्या रंगाचे मासे. एका माशाला चक्क पोपटाची चोच. तो पोवळं कुरतडत होता, त्याचा आवाज पाण्यात ऐकू येतो, तू सुपारी कातरतेस तसा. तुझा एक धडा आज मोडला, पाय टेकला नाही. दुसऱ्या धड्याने तारलं. पण लिहून सगळं सांगता येत नाही. म्हणून पुढच्या सुट्टीत तू माझ्याबरोबर चल. घबराऊ नकोस, पदर मी धरतो."