जमिनीत पुरलेली करवत

मी मुंबईहून विजेवर चालणारी करवत आणली आणि दुकानात सव्वा हात खड्डा खणून तिला पुरली.

हे मी आजवर कैक लोकांना सांगितलंय आणि दर वेळी पहिला प्रश्न ठरलेला, ‘चोरीची होती का?’ नव्हती. रीतसर पसंत करून, पावती घेऊन आणली होती, आणि पुरली ती भर दिवसा, नारळ फोडून.

दिवेआगरला आमचं सुतारकामाचं दुकान. दुकान म्हणजे एका सुपारीच्या वाडीच्या दगडी गडग्याला लागून असलेली नळ्यांच्या छपराची लांब पडवी. वडील गेल्यावर ती माझ्याकडे आली आणि तिच्याबरोबर वडलांचे चुलतभाऊ आले, म्हणजे आमचे काका. खरं सांगायचं तर दुकान काकांचं होतं, माझी फक्त पडवी होती. दार चौकटीत बसवावं तर काकांनी. दाराला हात लावला की ते मांजरीसारखं मुकाट बंद व्हायचं. मी बसवलेली दारं बंद व्हायला घरातली दोन माणसं लागत, आणि पावसाळ्यात तीन.

काका जन्मभर जमिनीवर बसून काम करत आले. आमच्याकडची रीतच ती. मांडी घालायची, लाकूड पायाच्या अंगठ्याखाली दाबून धरायचं आणि वाकस चालवून तासायचं. काकांचे पाय म्हणजे आणखी दोन हात. पायाच्या बोटांनी ते खिळासुद्धा उचलत. उभं राहून काम करणाऱ्या सुताराला ते सुतार म्हणत नसत. ‘पाहुणा’ म्हणत.

स्वातंत्र्य मिळून पंधराएक वर्षं झाली असतील तेव्हा विजेचे खांब आधी बोर्लीला आले, मग आमच्याकडे. त्याच सुमारास बोर्लीच्या शाळेची बाकं करायचं काम आम्हाला मिळालं. फळ्या हातकरवतीनं उभ्या चिरायच्या म्हणजे दोन माणसांचा अख्खा दिवस जायचा आणि संध्याकाळी खांद्याला हात लावू देववत नसे. मी मनाशी ठरवलं, मशीन आणायचं. ठरवलं आणि काकांना सांगितलं. विचारलं नाही, सांगितलं. या दोहोंत फरक असतो हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं.

काका रंध्याचं पातं घासत होते. मान वर न करता म्हणाले, “उभ्यानं चालवायचं असतंय न्हवं ते?”

“हो, असं कमरेइतकं उंच असतं.”

“मंग मी न्हाय. ह्या वयात उभ्यानं काम करायला मी काय पोष्टमन हाय? तू आण मशीन. मी जातो लेकीकडं बोर्लीला. जावयाचं दुकान हाय, बसायला जागा हाय.”

काका गेले तर बाकं एक वेळ झाली असती; बाक वाकडं असलं तरी पोरं बसतात. पण दारं? खिडक्या? वाडीवाल्यांचे रहाट? दोन महिन्यांत गाव माझ्या पडवीत शेळ्या बांधायला आलं असतं. म्हणजे मशीन तर हवं, आणि काकाही हवेत. यावर मी तीन दिवस विचार केला. मी विचार करायला लागलो की आमची बायको देवापाशी दिवा लावून ठेवते, ते उगीच नव्हे.

चौथ्या दिवशी मला सुचलं. बसून चालवता येईल असं मशीन आणायचं.

काका जेवायला मांडी घालून बसले तेव्हा मी पाठीमागून हळूच सुतळीनं जमिनीपासून त्यांच्या कोपरापर्यंतची उंची घेतली आणि तिथं गाठ मारली. काकांना वाटलं मी बंडीचं माप घेतोय. म्हणाले, “खिसा ठेवायला सांग.” मी हो म्हणालो. ती सुतळी खिशात घालून दिघीहून लाँचनं मुंबई गाठली.

यंत्रांच्या बाजारात एक गुजराती शेठ होता. दुकान चिंचोळं, आत अंधार आणि तेलाचा वास. त्यानं मला दोन मशिनं दाखवली. एक साधं. चार लोखंडी पाय, वर फळी, मोटर बाजूला आणि मधे पट्टा. दुसरं मात्र पाहताक्षणी मनात भरावं असं. वर जाड ओतीव लोखंडाची गुळगुळीत बैठक, खाली चारी बाजूंनी बंद पेटी, मोटर त्या पेटीच्या पोटात. हिरवा रंग. पुढं एक छोटं चाक. ते फिरवलं की पातं वर यायचं, उलटं फिरवलं की खाली दडायचं. मी ते चाक वीसेक वेळा फिरवलं असेल. शेठ म्हणाला, “पातं दमून जाशे, भाई.”

मी सुतळी काढली. गाठ पेटीच्या अर्ध्यावरसुद्धा येईना. तरी खात्री करावी म्हणून मी दुकानाच्या फरशीवर मशीनसमोर मांडी घालून बसलो. हनुवटी जेमतेम बैठकीच्या काठाशी पोचली. बैठकीवर भूस पडलं होतं ते नाकात गेलं.

शेठ काउंटरमागून उठून बघायला आला. “शूं थयुं? चक्कर आवी?”

“नाही. बसून चालवता येईल असं एखादं मशीन आहे का?”

“बेसीने?” त्यानं मला खालपासून वरपर्यंत बघितलं, मी बसलेलो असल्यामुळे त्याला फार वेळ लागला नाही. “भाई, आ करवत छे. हार्मोनियम नथी.”

आता कुणीही शहाणा माणूस इथं काय करील? चार पायांचं मशीन घेईल आणि घरी जाऊन पाय कापील. लोखंड कापायला लोहार गावात होता. इतकं सोपं होतं ते. पण मी त्या हिरव्या रंगावर आणि चाकावर असा काही भाळलो होतो, की उत्तर समोर चार पायांवर उभं असताना मला ते दिसलं नाही. मी मनाशी म्हणालो, मशीनची उंची कमी करता येत नसली तर जमीन वर करता येईल. आणि जमीन वर करण्यापेक्षा मशीन खाली घालणं सोपं. ही कल्पना मी शेठला सांगितली नाही. मुंबईची माणसं, चोरतील.

मशीन मचव्यातून दिघीला उतरलं आणि तिथून बैलगाडीनं बोर्लीमार्गे दिवेआगरला आलं. गाडीवान वाटेत भेटेल त्याला सांगत होता, ‘देवीची पेटी हाय.’ दोघातिघांनी हात जोडले.

काकांनी मशीनला एक प्रदक्षिणा घातली, बैठकीवरून तळवा फिरवला, गुण्या लावून काटकोन तपासला. “लोखंड चांगलं हाय,” एवढंच म्हणाले आणि आपल्या कामाला लागले. त्यांच्यासमोर शेजारच्या वाडीच्या रहाटाचं मोठं लाकडी चाक पडलं होतं. त्याचे दाते मोडले होते. ते चाक आमच्याकडे येऊन चार दिवस झाले होते आणि वाडीचे मालक रोज सकाळी येऊन गडग्यावरून ओरडत, “अहो, पाण्याविना पोफळींनी माना टाकल्या! रहाट देताय की वाडी विकू?”

मी खड्डा खणायला घेतला. माती कोरडी, भुरभुरीत, फावड्याला लोण्यासारखी. सव्वा हात खाली गेलो तरी ओल म्हणून नाही. आमच्या किनाऱ्याला हे नवल आहे, पण मला त्याचं नवल वाटलं नाही. मला वाटलं, नशीब. खड्ड्याच्या कडेनं चिरे लावले, चार माणसांनी दोर लावून मशीन आत सोडलं.

बायको नारळ घेऊन आली होती. खड्ड्यात उतरणाऱ्या मशीनकडे बघत म्हणाली, “अहो, नारळ पूजेचा आणलाय मी. का मूठमातीची तयारी करायची होती?”

“तुला नाही कळायचं. हे काकांसाठी आहे.”

“काकांसाठी खड्डा?” ती म्हणाली. “त्यांना सांगितलंय का?”

तारजोडणी झाली. मी काकांना हाताला धरून आणलं आणि पाटावर बसवलं. बैठक बरोबर त्यांच्या कोपराला आली, सूतभरही फरक नाही. मला फार आनंद झाला. काकांनी समोर बघितलं. त्यांच्या नाकासमोर दीड हातावर करवतीचं पातं, दात वर करून. त्यांनी मांडी जरा मागं सरकवली. मग आणखी जरा मागं.

“चालू करू?”

“थांब,” काका उठत म्हणाले. “आधी तू बस.”

मी बसलो. बटण दाबलं, पातं फिरायला लागलं, आणि मी फळीचा तुकडा पुढं सरकवला. उभं राहून करवत चालवणारा माणूस भूस पोटावर झेलतो. मी डोळ्यांत झेललं. डोळे मिटले तशी फळी तिरकी झाली, पात्यानं ती पकडली आणि आली त्या वाटेनं परत धाडली. उभा माणूस बाजूला होतो. मांडी घातलेला माणूस कुठं होणार? मी आडवा झालो. फळी माझ्या कानावरून गेली आणि मागं पाण्याचा माठ होता तो फुटला.

काकांनी बटण बंद केलं. मी भूस पुसत म्हणालो, “सवय व्हायला हवी.”

“व्हय,” काका म्हणाले. “माठालापण.”

त्याच संध्याकाळी काकांनी रहाटाचा शेवटचा दाता बसवला आणि मी स्वतः, या हातांनी, ते चाक ढकलत नेऊन वाडीत पोचतं केलं. मालकांनी दोन शहाळी दिली. मी ती प्यायलोसुद्धा.

सकाळी जाग आली ती रहाटाच्या करकरण्यानं. पाच दिवसांच्या तहानेनंतर वाडी शिंपायला घेतली होती. पाण्याचा पाट गडग्याच्या पलीकडून, आमच्या पडवीला अगदी चिकटून जातो. लहानपणापासून मी त्याच पाटात पाय धूत आलोय. शिंपणं चालू असलं की आमच्या पडवीत हातभर खणलं तरी पाणी लागतं, हे आमच्याकडच्या शेळीलाही माहीत होतं. मी धावत गेलो तेव्हा खड्डा भरला होता. मशीन म्हशीसारखं गळ्यापर्यंत पाण्यात बसलं होतं आणि मोटर, पेटीच्या पोटात असलेली ती सुरेख मोटर, पार तळाशी होती. हिरव्या रंगावरून सुपारीची एक झावळी तरंगत होती.

काका आधीच आले होते. आपली हत्यारांची पेटी भरत होते. पटाश्या एकेक पुसून फडक्यात गुंडाळून ठेवत होते. ते पाहिलं आणि मशीनचं दुःख मी विसरलो. पेटी भरली म्हणजे बोर्ली.

“काका, जाऊ नका,” मी म्हणालो. “मशीन विकून टाकतो. हातकरवतीनं करू बाकं. भूस अंगावर पडतं त्या खालच्या बाजूनं मी ओढीन.”

“कुठं जाऊ?”

“लेकीकडे. पेटी भरताय ना?”

“पाणी आलंय,” काका म्हणाले. “पटाश्या गंजतील. का त्यापण पुरायच्यात?”

मी त्यांच्याजवळ ओल्या जमिनीवरच बसलो. आणि सगळं सांगितलं. सुतळी, शेठ, खड्डा. बंडी येणार नाही हेही सांगितलं. त्याचं त्यांना जरा वाईट वाटलं.

त्यांनी पुढची पटाशी पुसायला घेतली. मग म्हणाले, “मला मुंबईला नेलं असतंस तर मी सांगितलं नसतं, कुठलं घ्यायचं?”

“तुम्हाला मशीन नकोच होतं.”

“कोण म्हणालं? चाळीस वर्सं फळ्या चिरून खांदा ग्येलाय माझा. मी म्हणालो, मी उभ्यानं करनार न्हाय.” त्यांनी पटाशी माझ्याकडे रोखली. “तुला उभं ऱ्हायला कुनी अडवलं हुतं?”

देवाशप्पथ सांगतो, हे माझ्या मनात आलंच नव्हतं. मी तिशीतला, धडधाकट, दोन्ही गुडघे शाबूत. मशीन दुकानाचं, दुकान माझं, आणि तीन दिवस विचार करून, मुंबईला जाऊन, खड्डा खणूनही मशीनसमोर मला फक्त काकाच दिसत होते.

दुपारी शिंपणं थांबलं, पाणी उतरलं. चार माणसं पुन्हा बोलावली. त्यांनी मशीन वर काढताना जे बोलायचं ते बोलून घेतलं. खड्डा बुजवला. मोटर अलिबागला जाऊन नव्यानं तार गुंडाळून आली. पुन्हा पाणी लागू नये म्हणून काकांनी चिऱ्यांचा वीतभर उंच ओटा बांधून घेतला, त्यावर मशीन ठेवलं आणि त्याच्या शेजारी, चार हातांवर, आपला पाट मांडला. फळीवर रेघ मारून त्यांनी ती माझ्या हातात दिली. मी मशीनसमोर पहिल्यांदा सरळ उभा राहिलो, आणि पात्याच्या दातांकडे बघितलं.

“मला जमेल का हो, काका?”

“न जमायला काय झालं?” काका मांडी घालत म्हणाले. “रेघ मी मारलीय. तू बोटं लांब ठेव आनि नीट पुढं ढकल. डोकं तेवढं वापरू नको. वापरलंस की काय हुतं, ते गावानं बघितलंय.”