तुमच्याकडे काही मोडलेलं आहे का?

काही माणसांचे किस्से आठवावे लागत नाहीत. फ्रीजच्या दारात केचपच्या पुड्या साचतात तसे ते आपोआप साचतात. आमच्या हान्सचं तसंच. हा जर्मन गृहस्थ डोंबिवलीतल्या एका कारखान्यात मशिनं बसवायला आला आणि बायको गेल्यावर तिथलाच सल्लागार होऊन ठाकुर्लीत राहिला. त्याचे घरमालक म्हात्रे, पोस्टातून निवृत्त झालेले गायकवाड आणि जन्मभर कारकुनी केलेला मी, असे आम्ही तिघे रोज संध्याकाळी सोसायटीच्या गेटजवळच्या बाकावर बसतो. हान्स चौथा. त्याची भाषा अर्धी इंग्रजी, अर्धी मराठी. मी आपली सगळी मराठीत सांगतो.

म्हात्र्यांनी त्याला पहिल्याच दिवशी विचारलं, "अरे, माझा भाचा तिकडं जायला जर्मनचा क्लास लावून बसलाय, आणि तू इथं काय करतोस?"

हान्स म्हणाला, "तिकडे माझ्या पैशात घरात बसता येतं. इथे त्याच पैशात घराबाहेर पडता येतं!"

*

एकदा त्याच्या छत्रीची काडी मोडली. तो ती कचऱ्यात टाकायला निघाला, तर गायकवाड असे ओरडले की वॉचमन धावत आला. "अहो हान्सराव, छत्री टाकतात होय?" त्यांनी त्याला स्टेशनबाहेरच्या छत्रीवाल्याकडे नेलं. पाच मिनिटांत छत्री ताठ! जर्मनीत दुरुस्तीपेक्षा नवी स्वस्त पडते म्हणे. पुढचे कित्येक दिवस हा मनुष्य कोरड्या रस्त्यावरून ती छत्री उघडून हिंडत होता.

मग त्याला चटकच लागली. बुटांचे तळवे, बॅगेची चेन, मिक्सर, चष्म्याची दांडी... दुरुस्ती चालू असताना हा स्टुलावर बसून चहा पीत ती बघायचा. आम्ही टीव्ही बघतो तसा. घरातल्या मोडक्या वस्तू संपल्यावर तो शेजाऱ्यांची दारं वाजवू लागला. "तुमच्याकडे काही मोडलेलं आहे का?"

आमच्या हिने माझ्याकडे बोट दाखवलं.

*

रात्रीचं जेवण कोपऱ्यावरच्या पोळी-भाजी केंद्रातून. जर्मन माणूस, आठवड्याची भाजी आधी कळावी ही त्याची माफक अपेक्षा. केंद्राच्या सुलभाताई दर वेळी म्हणायच्या, "उद्याचं उद्या बघू हो. बाजारात ताजं दिसेल ते." पहिले काही दिवस तो अस्वस्थ होता. मग त्याला तेच आवडू लागलं.

एकदा कारखान्याचे साहेब स्वतः बाकापाशी येऊन आम्हाला म्हणाले, "तुम्ही लोकांनी बिघडवलंय याला. मशीन कधी चालू होईल विचारलं, तर म्हणतो, उद्याचं उद्या!"

*

गायकवाडांनी त्याला ठाण्याला विनोदी नाटकाला नेलं. हान्स सगळ्यांपेक्षा मोठ्याने हसत होता. मध्यंतरात बटाटावडा खाताना गायकवाडांनी विचारलं, "काय कळतंय तरी का?"

"कळतंय की! शेजारच्या खुर्चीवरच्या आजी मला सगळं समजावून सांगतात."

"कुठल्या भाषेत?"

"मराठीत!"

*

खरं सांगायचं तर आयुष्य गेलं इथे, पण इथे मजाही असते हे मला हान्समुळे कळलं. त्याआधी मी फक्त तक्रार करायचो. आता दोन्ही करतो.

म्हणून त्याला मलेरिया झाला तेव्हा आम्ही घाबरलो. पेज, औषधं, डॉक्टर सगळं आम्ही आळीपाळीने केलं, पण तिकडे त्याच्या मुलीला, लेनाला, बातमी लागलीच. तिचा फोन आला. "बाबा, बस्स झालं. मी न्यायला येतेय."

हान्सने ती छत्री गायकवाडांना देऊन टाकली. "तिकडे मोडली तर दुरुस्त कोण करणार?"



*

लेना आली. तिच्यावर छाप पाडायची म्हणून म्हात्रे तिला विमानतळावरून आपल्या गाडीतून थेट ठाण्यात माजिवड्याजवळच्या मॉलमध्ये घेऊन गेले. एसी, सरकते जिने, फेसावर पान काढलेली कॉफी. लेनाने सगळीकडे बघितलं. "अंकल, हे तर आमच्याकडेही आहे," ती म्हणाली. "आणि इतकंच महाग!"

*

घरी पोचल्यावर सोसायटीच्या लिफ्टच्या फटीत अडकून तिच्या नव्या बॅगेचं चाक निघालं. "टाकून देते," ती म्हणाली. हान्सचा चेहरा कित्येक दिवसांनी उजळला! तो तिला बॅगवाल्याकडे घेऊन गेला. दुसरं स्टूल आलं, दुसरा चहा आला. दुसऱ्या दिवशी ती सँडल घेऊन गेली. तिसऱ्या दिवशी कोटाचं अस्तर घेऊन.

निघताना मात्र बापाला म्हणाली, "यंदा राहा. पुढच्या वर्षी मी येईन तेव्हा आपण ठरवू."

पुढच्या वर्षी ती आली ती दोन अवाढव्य बॅगा घेऊन. टॅक्सीतून त्या उतरवताना म्हात्रे माझ्या कानाशी कुजबुजले, "गेला रं आपला हान्स. सगळं सामान न्यायला रिकाम्या बॅगा आणल्यात हिनं."

बॅगा रिकाम्या नव्हत्या. लेनाने पहिली तिथेच, गेटजवळच्या बाकावर उघडली. आत बूट, बंद पडलेलं गजराचं घड्याळ, कान तुटलेला टेडी, बिनदांडीची कढई आणि चार मोडक्या छत्र्या.

"आमच्या तिकडच्या शेजाऱ्यांचं आहे," ती म्हणाली. "घाई नाही म्हणाले."

हान्सने एकेक वस्तू हातात घेऊन बघितली. मग वळून म्हणाला, "गायकवाड, माझी छत्री आणा."