रिकामी गाडी चढत नव्हती

आमच्या घरी फाटलेलं दूध गुळात आटवून खायचो. बाहेरच्याला ती चैन वाटली असती. खरं असं, की धारूरच्या डोंगरावर आमची बौद्धांची वस्ती आणि दूध संस्था पार खालच्या गावात. आई डोक्यावर किटली घेऊन उतरायची, आणि उन्हाळ्यात संस्थेच्या दारात पोचेपर्यंत दूध फाटायचं. ते परत यायचं आणि आम्ही भावंडं चाटूनपुसून खायचो. शेत म्हणजे नुसतं बरड. घर दोन गायींवर चालायचं.

मी बीडला कॉलेजात गेले त्या वर्षी संस्थेनं एकदाची वस्तीवर गाडी धाडायला सुरुवात केली. जुना छोटा ट्रक. रिकामे कॅन घेऊन वर यायचा, दुधानं भरलेले घेऊन खाली जायचा. पुढच्याच साली दुष्काळ पडला. चढावरच्या मुरमाचा घोटाभर फुफाटा झाला आणि ट्रकची मागची चाकं जागेवरच गरगर फिरू लागली. इंजिनाचा जोर तेवढा मागच्या दोन चाकांना, पुढची नुसती सोबतीला. चेअरमननी निरोप धाडला, की गाडी चढत नसेल तर वस्तीचं दूध बंद. दूध बंद म्हणजे गायी बाजारात, आणि गायी गेल्या की माझं कॉलेजही गेलं.

मी सुटीला आले होते. तडक संस्थेच्या बैठकीत जाऊन उभी राहिले. चेअरमनची स्वतःची जीप फोर-व्हील होती, चारही चाकं ओढणारी. तसाच ट्रक संस्थेनं घ्यावा, असं मी तोंडावर सांगितलं. ते म्हणाले, पोरी, तू शिक, ट्रकचं आम्ही बघतो. कुणीच काही बघितलं नाही.

वाट काढली ती ड्रायव्हरनं. सरकारी टँकरही वर चढत नव्हता, तो चढाच्या पायथ्याच्या विहिरीत रिकामा व्हायचा आणि बाया तिथून हंडे वाहायच्या. एका सकाळी आमच्या ड्रायव्हरनं ट्रक त्या विहिरीपाशी थांबवला.

"मावशी, भरलेले हंडे घिऊन समद्याजणी मागं बसा. बरोबर चाकाच्या वर. मला वजन पायजे."

"आन् घसरली तर?" आईनं विचारलं.

"तर चालत जा. रोज जाताच की."

वस्तीत एक काकू चांगल्या भरलेल्या अंगाच्या. जन्मभर चेष्टा सोसलेली बाई. त्या दिवशी तिला मानानं, हाताला धरून, चाकाच्या वरची जागा दिली. "आता हसा की गं," ती म्हणाली. चाकं एकदा फिरली, मग मुरमात रुतून त्यांनी पकड घेतली आणि गाडी चढली. वर पोचेस्तोवर निम्मे हंडे सांडले होते. भर दुष्काळात सगळ्या बाया नखशिखांत भिजलेल्या. पाण्यासाठी हळहळतही होत्या आणि पोट धरून हसतही होत्या.

तेव्हा मी म्हणाले, रिकामे कॅन गाडीत आहेतच, त्यांची झाकणं घट्ट बसतात. पाणी त्यातच भरू. हे मला सुचलं, आणि ते मी आजही ताठ मानेनं सांगते.

मग रोजचं ठरून गेलं. विहिरीवर बाया पोहऱ्यानं पाणी ओढून कॅन भरायच्या. वजनानं गाडी चढायची. वर पाणी हौदात ओतायचं, कॅन उकळत्या पाण्यानं धुवायचे, मग त्यात दूध. वस्तीची पाण्याची पायपीटच थांबली.

पण कुणीतरी चेअरमनच्या कानावर घातलं, की वस्तीवाले दुधाच्या कॅनमध्ये पाणी भरतात. दुसऱ्या दिवशी ते जीप घेऊन आले, सोबत दूध तपासणारा. जीप फुफाट्यातून सरळ वर. मागून आमचा ट्रक, कण्हत. चेअरमन हौदापाशी हात मागं बांधून उभे राहिले. ते नाही म्हणाले असते तर सगळंच संपलं असतं.

पाणी हौदात ओतून, कॅन धुऊन त्यात दूध भरलं, तेव्हा तपासणाऱ्यानं एकेका कॅनमध्ये दुधातलं पाणी दाखवणारी काचेची नळी सोडली. मग म्हणाला, दूध चोख हाय, खालच्या गावापेक्षा बरं.

तरी चेअरमन माझ्याकडं वळून बोललेच, "तुला फोर-व्हील पायजे होती न्हवं? बघ, कशी एका दमात चढली."

मी तोंड उघडायच्या आत आई म्हणाली, "चढली की, साहेब. पन रिकामी आली. आमची भरून आली."

ते जीपकडं बघत राहिले, मग काठोकाठ भरलेल्या हौदाकडं. शेवटी हसले आणि पाणी मागितलं. आईनं तांब्या दिला. त्यांनी तो तोंडाला लावला आणि संपवला. वस्तीवर दुधापेक्षा त्या तांब्याचीच चर्चा जास्त दिवस चालली.

गाडी चालू राहिली. त्या उन्हाळ्यात वस्तीवरची एकही गाय बाजारात गेली नाही. मी बी.ए. झाले, आमच्या घरातली पहिली.